शेजाऱ्यांच्या घड्याळात किती वाजले

"तुझा आकडा सांग," मित्र फोनवर म्हणाला. मी वाचून दाखवला. मग त्याने त्याचा वाचला. दोन्हींत तेवीसचा फरक निघाला, आणि मागे होतो तो मी.

आकडा म्हणजे आपापल्या नोडपर्यंत, बिटकॉइनच्या व्यवहारांची अख्खी वही स्वतःकडे ठेवून तपासणाऱ्या मशीनपर्यंत, किती ब्लॉक, म्हणजे त्या वहीची किती पानं, पोचलीत ते. बिटकॉइनच्या नेटवर्कमध्ये सरासरी दर १० मिनिटांनी एक नवा ब्लॉक येतो, म्हणजे तेवीस ब्लॉक म्हणजे जवळजवळ चार तास. आता एखादा नोड अडकून पडतो, आकडा हलतच नाही, हे मी आधीही पाहिलंय, त्यात नवल काही नाही, रिस्टार्ट मारायचा आणि बघत बसायचं. पण हा अडकला नव्हता हो. आम्ही फोनवर असतानाच त्याच्याकडे एक ब्लॉक वाढला आणि थोड्या वेळात माझ्याकडेही वाढला, मग परत तसंच, फरक कधी बावीस कधी चोवीस, पण तेवढाच. नोड मस्त चालू होता, फक्त जगाच्या चार तास मागून चालू होता. रोज पेपर वेळेवर यावा आणि रोज त्यावर कालची तारीख असावी, तसं काहीतरी.

आणि माझ्या समोरच्या टर्मिनलवर सगळं हिरवं होतं.

इथे थोडं मागे जाऊन सांगतो, कारण हा प्रकार कळायला मला जो वेळ लागला तो मूर्खपणाचा होताच, पण त्या मूर्खपणात एक शिस्त होती. मी नोड चालवतो ते पैसे मिळवायला नाही (पूर्ण नोड चालवून कुणी एक पैसा देत नाही, हे अनेकांना पटवता पटवता मी थकलोय), तर मला ते जाळं बघायला आवडतं म्हणून. एक छोटा सिंगल बोर्ड कॉम्प्युटर, त्याला जोडलेली डिस्क, कोपऱ्यात पडलेला. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. लॅपटॉपवरून एसएसएच करून (म्हणजे दुरूनच त्या मशीनमध्ये शिरून) आत जायचं आणि काळ्या खिडकीत विचारायचं, काय रे, बरा आहेस ना.

आता हा "बरा आहेस ना" नक्की कुणाला विचारायचा, सगळी भानगड तिथेच आहे. साध्या सर्व्हरचं एक बरं असतं, सर्व्हर एक, त्याला विचारणारे अनेक, तो बंद पडला की सगळे एकदम बोंबलतात. पिअर-टू-पिअर जाळ्यात मध्यभागी कुणी बसलेलंच नसतं. माझा नोड बंद पडला तर जाळ्याला काडीचा फरक पडत नाही, ते तसंच बांधलेलं असतं, म्हणून कुणी बोंबलतही नाही. आणि जाळं कसं चाललंय हे सांगणारा अधिकृत डॅशबोर्डही कुठे नसतो, प्रत्येकाला फक्त आपल्या खिडकीतून दिसेल तेवढं दिसतं. मी ज्या कमांड मारतो त्या सगळ्या मला माझ्या खिडकीतलं दृश्य दाखवतात, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि अंगवळणी पडणं यात बराच फरक असतो.

सगळ्यात खालची पायरी म्हणजे सिस्टिमसीटीएल स्टेटस. हिरवा ठिपका, पुढे ॲक्टिव्ह, रनिंग. नवीन माणूस हे बघून समाधानाने झोपायला जातो, मीही गेलोय. त्या ठिपक्याचा अर्थ एवढाच की ती प्रोसेस मेलेली नाही. नेटची केबल उपटून ठेवा, एकही शेजारी, म्हणजे जोडलेला दुसरा नोड, राहणार नाही, ठिपका तरी हिरवाच.

त्याच्या वरची पायरी पिंग. ही कमांड माइक मूस या माणसाने १९८३च्या डिसेंबरमध्ये लिहिली, अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत असताना, आणि नाव ठेवलं ते पाणबुड्यांच्या सोनारच्या आवाजावरून: आवाज सोडायचा, प्रतिध्वनी किती वेळात येतो ते बघायचं. इतकी वर्षं झाली तरी नेटवर्कमध्ये काही बिघडलं की प्रत्येकाचा हात आधी तिकडेच जातो. पण पिंगला उत्तर देतो तो समोरच्या मशीनचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. आतलं नोडचं सॉफ्टवेअर मरून पडलेलं असलं तरी पिंगला उत्तर येत राहतं. बेल वाजते, म्हणजे घरात वीज आहे एवढंच कळतं, माणूस आहे की नाही ते नाही. उलटंही होतं, कित्येक राउटर पिंग गिळून टाकतात, मग आत माणूस धडधाकट असूनही बेल मुकी.

मग नेटकॅट. एनसी, त्यापुढे व्ही आणि झेड, पत्ता आणि पोर्ट, बिटकॉइनचा ८३३३. पोर्ट उघडा आहे का ते सांगतं. दार उघडतंय एवढं कळलं, पण दारात उभा आहे तो त्याच जाळ्याची भाषा बोलतो का हे कळायला त्याच्याशी बोलावंच लागतं, आणि ते बोलणं नोड आपापसात करतातच. जोडणी झाल्या झाल्या दोघं एकमेकांना व्हर्जनचा मेसेज पाठवतात, त्यात कोणतं सॉफ्टवेअर, साखळीची उंची (म्हणजे त्याच्याकडचे ब्लॉक) किती, आणि, हे लक्षात ठेवा, माझ्या घड्याळात आत्ता किती वाजलेत. मग दोघंही पोच देतात आणि संसार सुरू. त्यानंतर बिटकॉइन कोअर, म्हणजे नोडवर चालणारं सॉफ्टवेअर, दर २ मिनिटांनी शेजाऱ्याला स्वतःचा पिंग पाठवतो, त्यात एक रँडम आकडा असतो, समोरच्याने पाँगमध्ये तोच आकडा परत करायचा. २० मिनिटं उत्तर नाही आलं तर संबंध तोडून मोकळा. आता हे उत्तर द्यायला कर्नल चालत नाही, नोड स्वतः जागा असावा लागतो.

हे सगळं मला दिसायचं ते गेटपिअरइन्फो या कमांडमधून. ही कमांड म्हणजे जेसनचा (माहिती मांडायच्या एका पद्धतीचा) एक लांबलचक ढिगारा, प्रत्येक शेजाऱ्यामागे तीसेक ओळी तरी. माझ्यासारख्याने ते वाचायचं म्हणजे जेक्यू नावाची चाळणी लावून हवं तेवढंच गाळून घ्यायचं. या गाळण्यावर पुढे येतो. नंतर २०२१च्या सुरुवातीला ०.२१ आवृत्तीत बिटकॉइन-सीएलआयला नेटइन्फो नावाचा पर्याय आला आणि माझं आयुष्य सोपं झालं. त्याच्यापुढे ४ लिहिलं की अख्खं टेबल मांडून देतो: प्रत्येक शेजारी एका ओळीत, तो माझ्याकडे आलाय की मी त्याच्याकडे गेलोय, आयपीव्हीफोर की आयपीव्हीसिक्स (इंटरनेट पत्त्यांचे जुने-नवे प्रकार) की टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्यावरून, आजवरचा सगळ्यात कमी पिंग किती, आत्ताचा किती, शेवटचा ब्लॉक त्याने कधी दिला, ओळख किती मिनिटांची आहे, तो कुठली आवृत्ती चालवतो. त्याच्या आधी वॉच लावायचं, पाच सेकंदांनी आपोआप ताजं होत राहतं. रात्री लाइट घालवून हे टेबल बघत बसायला मला जे सुख मिळतं ते घरात कुणालाही समजावता आलेलं नाही, आणि मी आता प्रयत्नही सोडलाय.

या टेबलात तळाशी एक छोटं टेबल असतं, आत किती, बाहेर किती. पहिलं दीड वर्ष माझ्या "आत"च्या ओळीत शून्य होतं. बाहेर १०, आत ०. बिटकॉइन कोअर स्वतःहून नेहमीच्या ८ आणि फक्त ब्लॉकपुरत्या २ अशा १० जोडण्या बाहेर करतो, बाकी डिफॉल्ट १२५ पर्यंतची जागा येणाऱ्यांसाठी मोकळी ठेवतो. माझ्याकडे येणारं कुणीच नव्हतं. मला ते बरेच दिवस खटकलंही नाही, कारण ब्लॉक तर येत होते. मी सगळ्यांच्या घरी जाऊन बातम्या घेऊन येत होतो आणि माझं घर नकाशावरच नव्हतं.

कारण साधं निघालं. माझ्या इंटरनेटवाल्यांनी मला जो पत्ता दिला होता तो १०० पॉइंट ६४ने सुरू होणारा, म्हणजे त्यांच्याच एका मोठ्या नॅटच्या पोटातला. आयपीव्हीफोरचे पत्ते एकूण ४३० कोटींच्या आसपास, जागतिक साठा २०११च्या फेब्रुवारीत वाटून संपला, आणि २०१२मध्ये असे पत्ते खास या कामासाठी बाजूला काढले गेले, शेकडो गिऱ्हाइकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत यायला वाट नाही. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून करून मी दमलो होतो आणि अडथळा माझ्या राउटरमध्ये नव्हताच.

आणि हे मी आतून कितीही कमांड मारल्या असत्या तरी धड कळलं नसतं. आतून माझा पोर्ट उघडाच दिसत होता, एसएस ही उघडे पोर्ट दाखवणारी कमांड लावली की लिसनिंग, झक्कास. बाहेरून बघणारा लागतो. आयपीएफएस या फाइली वाटणाऱ्या जाळ्यावाल्यांनी ही गोष्ट जाळ्याच्या आतच बसवलीय आणि मला ती फार आवडते. तिथे जोडणी झाली की शेजारी तुम्हाला सांगतो, मला तू अमुक पत्त्यावरून आलेला दिसतोस. आयपीएफएस आयडी मारल्यावर जे आपले पत्ते दिसतात त्यातले काही असे शेजाऱ्यांनी कळवलेले असू शकतात. आणि ऑटोनॅट नावाचा एक प्रकार आहे, त्यात आपला नोड शेजाऱ्यांना विनंती करतो की बाबांनो, जरा मला उलटा फोन लावून बघा लागतो का. चार जणांचा लागला नाही की समजायचं आपण भिंतीमागे आहोत. म्हणजे आपला स्वतःचा पत्ता काय, हेही दुसऱ्याला विचारावं लागतं. बिटकॉइनमध्येही व्हर्जनच्या मेसेजमध्ये समोरचा आपल्याला कुठल्या पत्त्यावर बघतोय ते येतं, गेटपिअरइन्फोमध्ये दिसतं, मी ते कधी बघितलं नव्हतं. गाळून टाकलं होतं ना.

शेवटी मी टॉरचा ओनियन पत्ता सुरू केला, त्याला बाहेरून आत यायला राउटरची परवानगी लागत नाही. काही तासांनी "आत"च्या ओळीत ओनियनखाली १ उमटला. कुणीतरी अनोळखी माझ्याकडे ब्लॉक मागायला आला होता. मी खरंच खुर्चीतून उठलो. असो.

तर गाळण्याबद्दल. माणूस रोज तीच कमांड मारायला लागला की त्याला सगळं वाचायचा कंटाळा येतो, मग तो स्क्रिप्ट लिहितो. माझ्या स्क्रिप्टमध्ये चार गोष्टी होत्या: ब्लॉक किती, हेडर (ब्लॉकचे नुसते मथळे) किती, शेजारी किती, आणि व्हेरिफिकेशन प्रोग्रेस नावाचा एक आकडा जो पूर्ण सिंक झालेल्या नोडला १ च्या जवळ असतो. सुरुवातीला मी त्यात अलार्मही घातला होता, ३० मिनिटं नवा ब्लॉक नाही आला तर फोनवर मेसेज. दिवसाला सरासरी सात वेळा फोन वाजायचा. नोडचा काही दोष नाही, माझं गणित कच्चं. १० मिनिटं ही सरासरी आहे, ब्लॉक काही घड्याळ लावून येत नाहीत, ३० मिनिटांहून मोठा खंड पडायची शक्यता प्रत्येक वेळी ५ टक्क्यांच्या आसपास असते आणि दिवसाला १४४ ब्लॉक, गुणाकार करा. तासाभराचा खंडही दर दोन-तीन दिवसांतून एकदा पडतोच. मग मी मर्यादा ९० मिनिटं केली, आता तो खोटा अलार्म सरासरी दोन महिन्यांतून एकदा. शांतता झाली. फार छान ट्यून केलं म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

या गप्प बसण्याच्या अर्थावर लोकांनी आयुष्यं घातलीत. फिशर, लिंच आणि पॅटरसन या तिघांचा १९८५चा एक निष्कर्ष आहे, ज्या जाळ्यात निरोप पोचायला किती वेळ लागेल याची काहीच हमी नाही तिथे एक जण जरी बंद पडू शकत असेल तरी सगळ्यांचं एकमत होईलच अशी खात्री देणारी ठरलेली पद्धत असू शकत नाही. मुळाशी गेलं तर दुखणं हेच, की समोरचा मेलाय की नुसता उशीर करतोय हे गप्प बसण्यावरून ओळखता येत नाही. त्यामुळे प्रत्यक्षातले प्रोटोकॉल सगळे अंदाजपंचे चालतात, पण काहींचे अंदाज फार समजूतदार असतात. बिटटोरेंटच्या डीएचटीमध्ये, म्हणजे कुठली फाइल कुणाकडे आहे याच्या सगळ्यांत वाटून ठेवलेल्या यादीत, शेजाऱ्यांचे तीन प्रकार: १५ मिनिटांत बोललेला तो चांगला, त्याहून जास्त वेळ गप्प असलेला तो शंकास्पद, आणि लागोपाठ अनेक हाकांना ओ न देणारा तो वाईट. मला तो मधला प्रकार आवडतो. एकदम गेला म्हणून मोकळं व्हायचं नाही, शंकेला एक खोली द्यायची.

हे ज्या कॅडेम्लिया नावाच्या आराखड्यावर उभं आहे तो मेमुनकोव्ह आणि माझिएर यांनी २००२मध्ये मांडला, त्यातही एक गोष्ट अशीच माणसाळलेली आहे. यादी भरली आणि नवा शेजारी आला तर जुन्याला काढत नाहीत, आधी सगळ्यात जास्त वेळ न बोललेल्या जुन्याला पिंग करतात, त्याने ओ दिली की नव्याला नमस्कार करून परत पाठवतात. का, तर त्याआधीच्या न्यूटेला या फाइली वाटायच्या जाळ्यावरून असं दिसलं होतं की जो नोड जितका जास्त वेळ टिकलाय तितका तो अजून एक तास टिकायची शक्यता जास्त. न्यूटेला, जाता जाता, त्या काळी एकमेकांना "आहेस का, आहेस का" विचारण्यातच दमून जायचं; प्रत्येक पिंग शेजारी पुढच्या शेजाऱ्याला आणि तो त्याच्या पुढच्याला असं सात-सात घरं पसरवत न्यायचे. ख्यालीखुशाली विचारण्याचाही भार असतो.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती स्विम नावाची पद्धत, तीही २००२चीच. त्यात एका नोडने दुसऱ्याला हाक मारली आणि उत्तर नाही आलं तर तो लगेच बोंब मारत नाही, आणखी काही जणांना सांगतो, तुम्ही मारून बघा हाक, कदाचित माझ्याच रस्त्यात खड्डा असेल. त्यांनाही उत्तर नाही आलं तर "संशयित" म्हणून जाहीर करायचं, मेलेला म्हणून नाही, म्हणजे संशयिताला ऐकू गेलं तर तो ओरडून सांगू शकतो की अरे मी आहे. सर्फ नावाचं टूल यावरच चालतं, सर्फ मेंबर्स म्हटलं की प्रत्येकापुढे स्थिती दिसते, त्यात "लेफ्ट" आणि "फेल्ड" वेगळे. सांगून गेलेला आणि न सांगता गेलेला. दोघंही घरात नाहीत, पण एकाची वाट बघायची असते. कॅसांड्रा या अनेक मशीनवर पसरलेल्या डेटाबेसच्या नोडटूलमध्ये मात्र बंद पडलेल्या नोडपुढे डीएन येतं, डाऊन, नॉर्मल. ते पहिल्यांदा वाचून मी हसत सुटलो होतो, "बंद आहे, बाकी काही नाही".

स्विमवर पुढे २०१७मध्ये लाइफगार्ड नावाची सुधारणा आली, आणि तिचं मूळ वाचून मी त्या दिवशी कपाळावर हात मारला असता, पण तेव्हा माझा प्रसंग घडायचा होता. त्यांना दिसलं असं की चांगले धडधाकट नोड उगाच मेलेले जाहीर होतायत. दोष मरणाऱ्यात नव्हता, जाहीर करणाऱ्यात होता. तपासणारा नोडच लोडखाली दबलेला, उत्तरं त्याच्या दारात येऊन पडलेली, पण त्याला ती वेळेत उघडता येत नव्हती, म्हणून त्याला सगळं गावच गप्प झाल्यासारखं वाटायचं. उपाय म्हणून त्यांनी नोडला आधी स्वतःवर शंका घ्यायला शिकवलं: लागोपाठ बरीच उत्तरं चुकायला लागली तर दुसऱ्याला मेलेला म्हणायच्या आधी स्वतः जास्त वेळ थांब.

आता तेवीस ब्लॉकवर येतो.

मित्राने विचारलं, हेडर किती दाखवतोय? ब्लॉकइतकेच. प्रोग्रेस? १ ला टेकलेला. शेजारी? दहा बाहेर, सहा आत. इनिशियल ब्लॉक डाउनलोड, म्हणजे सुरुवातीची भर अजून चालू आहे का? फॉल्स. मग तो म्हणाला, तुझी स्क्रिप्ट बंद कर आणि गेटनेटवर्कइन्फो अख्खं वाच, काही न गाळता. मी वाचत गेलो. खाली वॉर्निंग्ज नावाची ओळ असते, जी माझ्या आठवणीत कायम रिकामी होती, म्हणून स्क्रिप्टमध्ये घेतलीच नव्हती. ती रिकामी नव्हती. त्यात लिहिलं होतं की बाबा रे, तुझ्या कॉम्प्युटरची तारीख-वेळ बरोबर आहे का ते बघ.

गेटपिअरइन्फोमध्ये टाइमऑफसेट असा एक आकडा असतो, शेजाऱ्याचं घड्याळ आपल्यापेक्षा किती सेकंद पुढे किंवा मागे. मी फक्त तो एक कॉलम काढला. २१,६०४. २१,६०३. २१,६०४. २१,६०५. सोळाच्या सोळा शेजारी सहा तास पुढे. क्षणभर, अगदी खरं सांगतो, माझ्या मनात आलं की या सगळ्यांना काय झालंय.

मग उलगडत गेलं. त्या छोट्या बोर्डाला बॅटरीवर चालणारं स्वतःचं घड्याळ नसतं. तो दर तासाला वेळ एका फाइलीत लिहून ठेवतो आणि चालू झाला की तिथून पुढे मोजायला लागतो, मग इंटरनेटवरून खरी वेळ मागवून जुळवून घेतो. नऊ दिवसांपूर्वी साडेपाच तास वीज गेली होती, शेवटची नोंद त्याआधी अर्ध्या तासाची, झाले सहा तास. आणि खरी वेळ मागवणारी सेवा? ती मीच महिन्याभरापूर्वी दुसऱ्या कुठल्याशा प्रयोगासाठी बंद केली होती आणि परत चालू करायची राहिली. टाइमडेटसीटीएलमध्ये स्वच्छ लिहिलेलं, सिंक्रोनाइज्ड: नो.

आता बिटकॉइनचा एक नियम आहे, ज्या ब्लॉकवरची वेळ आपल्या घड्याळाच्या २ तासांहून पुढची आहे तो घ्यायचा नाही, भविष्यातला ब्लॉक म्हणून. माझं घड्याळ सहा तास मागे, दोन तासांची सूट, राहिले चार. म्हणून चार तास. माझ्या नोडच्या दारात जगाचे ताजे ब्लॉक येत होते आणि तो नम्रपणे सांगत होता, हे अजून झालेलं नाही, नंतर या. आणि ते नंतर येत होते. त्यामुळे आकडा नियमित वाढत होता, ९० मिनिटांचा माझा छान ट्यून केलेला अलार्म गप्प, आणि प्रोग्रेसचा आकडा तर काढलाच जातो स्वतःच्या घड्याळावरून, शेवटचा ब्लॉक "आत्ता"च्या जवळचा आहे ना, मग झालं. माझ्या स्क्रिप्टमधल्या चारातल्या तीन गोष्टी नोड स्वतःबद्दल सांगत होता, चौथी शेजाऱ्यांची नुसती संख्या. शेजारी काय म्हणतायत ते एकातही नव्हतं. वर ते प्रत्येकजण ओळख करून घेतानाच आपली वेळ आणि साखळीची उंची सांगून गेले होते.

सगळ्यात लाज वाटली ती वॉचची. वॉच लावलं की पडद्याच्या वर उजव्या कोपऱ्यात मशीनची तारीख-वेळ येते. नऊ रात्री ती चुकीची वेळ माझ्या डोळ्यांसमोर, पाच-पाच सेकंदांनी ताजी होत. मशीन यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, ठेवलेलं, बिटकॉइनचे लॉगही यूटीसीत, त्यामुळे तिथला आकडा माझ्या भिंतीवरच्या घड्याळाशी जुळत नाहीच, ही सवय इतकी मुरलेली की न जुळण्याचं काही वाटायचं थांबलं होतं.

(इथेरियम या दुसऱ्या जाळ्याच्या गेथ नावाच्या नोड सॉफ्टवेअरमध्ये एक असाच प्रकार आहे, इथ डॉट सिंकिंग विचारलं आणि फॉल्स आलं की सिंक पूर्ण झालं म्हणून लोक नाचतात. पण सिंक अजून सुरूच झालेलं नसतं, एकही शेजारी मिळालेला नसतो, तेव्हाही उत्तर फॉल्सच येतं. तिथेही आधी शेजारी मोजावे लागतात. मित्राने ही गोष्ट मला सांत्वन म्हणून सांगितली.)

वेळेची सेवा चालू केली, घड्याळाने एकदम सहा तासांची उडी मारली, नोडलाही एक रिस्टार्ट दिला. शेजारी परत जुळल्यावर मिनिटभरात तेवीसच्या तेवीस ब्लॉक धडाधड आत. मित्राने त्याचा आकडा वाचला, मी माझा, सारखा. "ठेवतो," म्हणाला आणि ठेवला.

स्क्रिप्ट मी नव्याने लिहिली. आता पहिली ओळ वॉर्निंग्जची, न गाळता. दुसरी सगळ्या शेजाऱ्यांच्या टाइमऑफसेटचा मध्य. तिसरी, नव्याने जुळलेले शेजारी आपली उंची किती सांगतायत आणि माझी किती. माझ्या स्वतःच्या ब्लॉकचा आकडा सगळ्यात शेवटी.

त्यानंतर काही आठवड्यांनी टाइमऑफसेटच्या कॉलममध्ये, सगळे ०, १, उणे १ असे बसलेले असताना, मधेच एक उणे १०,७९८ दिसला. ओनियनवरून आत आलेला कुणीतरी, जवळजवळ तीन तास मागे. म्हणजे त्याची साखळी तासभर मागून चालली असणार, त्याच्याकडेही सगळं हिरवं असणार. त्याला कसं सांगणार? पत्ता टॉरचा, माणूस कोण ते कळायची सोय नाही, आणि प्रोटोकॉलमध्ये "तुझं घड्याळ बघ" असा मेसेजच नाही. सांगायचं तेवढं माझ्या नोडने पहिल्याच व्हर्जनमध्ये सांगून टाकलेलं होतं, माझी वेळ त्याच्या गेटपिअरइन्फोत एका ओळीत पडून होती, त्याने बघितली तर. तीन दिवस मी रोज रात्री आधी तीच ओळ शोधायचो. चौथ्या दिवशी ती नव्हती. घड्याळ लावलं, की मशीन बंद केलं, की नुसतंच कनेक्शन तुटलं, माझ्या खिडकीतून तिन्ही सारखंच दिसतं.